कॉफी सोडली त्या आठवड्यात

"दिवसाला किती कप?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन-चार," मी म्हणाले.

त्यांनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिले. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीपासून चार इमारती सोडून त्यांचा दवाखाना आहे. वीस वर्षं मी त्यांच्याकडे जाते आहे, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलणं अवघड जातं.

"सात," मी म्हणाले. "कधी आठ."

"मग हृदयाला कशाला दोष देताय? ते बिचारं सांगितलेलं काम करतंय."

गेले दोन महिने मला छातीत धडधड व्हायची. जिना चढताना झाली असती तर मी वयाला दोष दिला असता. पण ही धडधड शांत बसलेली असताना व्हायची. प्रूफं तपासता तपासता एकदम छातीत कुणीतरी मुठीनं दार ठोठावतंय असं वाटायचं. मग मधलाच एक ठोका गळल्यासारखा व्हायचा आणि हातातली पेन्सिल थांबायची. मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी सांगायला होतं तरी कोण? नवरा सरकारी नोकरीत, बदलीच्या गावी सोलापूरला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे परत. मुलगी शिकायला बाहेरगावी. राहता राहिल्या माझ्या सासूबाई, आणि त्यांना मी काळजीत घालायचं हे उलटंच झालं असतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या आधी 'कॉफी बंद' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "चहा सकाळी एक कप. आणि हे बघा, एकदम तोडू नका. आठवड्याला दोन-दोन कप कमी करत या. नाहीतर डोकं दुखेल, झोप येईल, चिडचिड होईल."

मी मान हलवली. घरी आले, आणि एकदम तोडली. मला कमी करणं जमत नाही. डब्यात कॉफी असताना दोनच कप प्यायचे म्हणजे उरलेला सगळा दिवस त्या डब्याकडे बघत काढायचा. मी डबा उचलून खालच्या मजल्यावरच्या भाभींना देऊन टाकला. डॉक्टरांचं ते वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

सासूबाईंना कंपवात होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मी त्यांना आई म्हणायचे. येरवड्याला महापालिकेच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. लहानपणी आईवडिलांचा हात धरून धम्मदीक्षेला गेलेल्या पिढीतल्या त्या, आणि त्यांच्या घरात शाळेत जाऊन टिकलेल्या पहिल्याच. अक्षर, पदर आणि वेळ या तीन गोष्टींत त्यांना ढिलाई चालत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना घाबरायचे. पुढे मी घरून मुद्रितशोधनाचं काम घ्यायला लागले, शाळेची गाईडं, व्याकरणाची पुस्तकं, कधी एखाद्याचं हौशी आत्मचरित्र, आणि आमचं नातं बदललं. त्या मूळ प्रत मोठ्यानं वाचायच्या आणि मी प्रूफावर नजर ठेवायची. स्वल्पविरामसुद्धा म्हणायच्या. "आई म्हणाली स्वल्पविराम अवतरणचिन्ह सुरू." असे आम्ही तासन्‌तास बसायचो. दुपारी तीनला काम थांबायचं. त्यांना चहा, मला कॉफी. एखाद्या लेखकाची भाषा अगदीच गचाळ असली तर कप हातात घेऊन त्या म्हणायच्या, "या गृहस्थांना शाळेत कुणी मारलेलं दिसत नाही."

आजारानं आधी त्यांचा हात घेतला. अक्षर मुंगीएवढं झालं. मग चाल गेली, आणि मग आवाज. मोठ्यानं वाचणं बंद झालं. मी एकटीच वाचू लागले आणि त्या पलंगावरून बघत राहू लागल्या.

कॉफी वाढत गेली ती त्याच वर्षांत. माझं माहेर दौंडचं, तिथे कॉफी म्हणजे पाहुण्यांत कुणी मोठं माणूस आलं तर. मला ती लागली पुण्यात. इथे एका दाक्षिणात्य दुकानात डोळ्यांसमोर बिया दळून द्यायचे, आणि तो वास रस्ता ओलांडून यायचा. मी एक स्टीलचा फिल्टर आणला. आधी एक कप होता, दुपारचा. मग आईंना रात्री तीन-तीनदा कूस बदलून द्यावी लागू लागली, बाथरूमला न्यावं लागू लागलं, तेव्हा सकाळचे दोन आले. परीक्षेच्या हंगामात प्रूफांचा ढीग पडायचा तेव्हा संध्याकाळचे दोन. पुढे मी मोजणं सोडून दिलं. माणसं मला म्हणायची, तू कसं गं सगळं करतेस, तुझा उत्साह बघून नवल वाटतं. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. तो उत्साह माझा नव्हता हे मला कॉफी सोडल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी दुपारी डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या आतून कुणी बोटानं दाबतंय असं. दुसऱ्या दिवशी दुखणं मानेपर्यंत उतरलं. सकाळी आठ ते बारा एक मावशी यायच्या, आईंची अंघोळ, कपडे, नाश्ता बघायच्या. त्यांनी मला पाहून विचारलं, "ताई, रडलात का?" मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी एका प्रूफात 'दुर्दैव' हा शब्द मी चार वेळा वाचला आणि त्यातलं काय बरोबर आणि काय चूक ते मला ठरवता येईना. मी कागद मिटून ठेवले.

प्यायला काहीतरी हवं होतं. हातात कप नसेल तर हात काय करायचं ते विसरतात. गवती चहा उकळून पाहिला. बरा होता, पण सर्दी झाल्यावर देतात ते आठवायचं. धने-जिऱ्याचा काढा केला, तो औषधासारखाच लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून जव भाजून दळले आणि त्याचं पाणी केलं. रंग अगदी कॉफीचा आला, वासही थोडा तसा. पहिला घोट घेतला आणि करपलेल्या भाकरीची चव तोंडात पसरली. आई बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "कसं आहे?"

"चांगलं आहे."

"तोंड तसं सांगत नाही," त्या म्हणाल्या. एवढं वाक्य बोलायला त्यांना खूप वेळ लागला, पण त्यांनी ते पूर्ण केलं.

डोकेदुखीचं मला फारसं काही वाटलं नाही. झोपेचं वाटलं. कशी सांगू ती झोप? डोळे मिटतात ती नेहमीची झोप नव्हे. अंगाखालची जमीन मऊ होऊन आपल्याला आत ओढते आहे असं वाटायचं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना. आठ वर्षं जी झोप मी ढकलून ढकलून बाजूला ठेवली होती ती एकदम आली. चौथ्या दिवशी नवऱ्याला फोनवर म्हणाले, "मला फार झोप येते आहे."

"मग झोप की दुपारी थोडी," तो म्हणाला. "आई काय, पडूनच असते."

ते तो सहज म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पाचवा दिवस शुक्रवार होता. मावशी बाराला गेल्या. मी आईंना मऊ भात भरवला, गोळ्या दिल्या, बाथरूमला नेऊन आणलं, पलंगावर टेकून बसवलं. त्यांचा वॉकर नेहमीसारखा पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. एकटीनं उठायचं नाही हा आमच्या घरातला नियम होता. काही लागलं तर त्या हाक मारायच्या. आवाज क्षीण होता, पण मी शेजारच्या खोलीत असले तरी मला तो ऐकू यायचा. अडीच वाजले असतील. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसले, पाचच मिनिटं म्हणून.

जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मी पडल्या पडल्या छताकडे बघत होते आणि मला छान वाटत होतं. हे सांगायला नको वाटतं, पण तसंच होतं. डोकं दुखत नव्हतं, अंग हलकं झालं होतं. पुष्कळ वर्षांत मी अशी झोपले नव्हते. मग मला वाटलं, तीनचा चहा राहिला.

आई पलंग आणि बाथरूमचं दार यांच्या मध्ये जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते. वॉकर एका बाजूला आडवा. त्यांचा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता, पाय तसा वळत नाही.

"पडले गं," त्या म्हणाल्या. जणू काही दूध उतू गेलं असं सांगावं तसं.

मी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, त्यांना हलवलं नाही एवढं मला सुचलं. मग जिन्यावरून भाभींना हाक मारली. भाभींचं कुटुंब कितीतरी पिढ्यांपासून पुण्यातलं, त्यांच्या मिस्टरांचं कॅम्पात चष्म्यांचं दुकान. त्या ओल्या हातांनीच वर आल्या, आईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि मी फोन करत होते तेवढा वेळ त्यांचा हात धरून बसून राहिल्या. अँब्युलन्स येईपर्यंत आई एकदाही कण्हल्या नाहीत. चादरीसकट उचललं तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. नवरा सोलापूरहून निघाला. येरवड्याहून नणंद आली. ती माझ्या नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. कमी बोलणारी बाई आहे, आणि बोलते ते टाचणीसारखं. तिनं सगळे कागद वाचले, सिस्टरांना दोन प्रश्न विचारले, मग माझ्याजवळ आली.

"नक्की झालं काय?"

"मला झोप लागली होती, ताई."

"दुपारी?"

"कॉफी सोडली आहे ना मी. डॉक्टरांनी सांगितलंय. त्यामुळे फार—"

ती घरून आणलेली चादर घडी घालत होती. घडी पुरी करून तिनं ती पिशवीत ठेवली. "कॉफी काय," ती म्हणाली, "नंतरही सोडता आली असती."

तिनं आवाज चढवला नाही. नंतरही कधी तो विषय काढला नाही. पण मला वाटतं, माझ्याविषयी जे काही म्हणायचं होतं ते सगळं त्या एका वाक्यात म्हणून झालं होतं. खरंच, सोडता आली असती. सुट्टीत, नवरा घरी असताना, हळूहळू, दोन-दोन कप.

त्या संध्याकाळी मी खाली कँटीनमध्ये जाऊन कॉफी घेतली. यंत्रातली, गोड, पातळ. पाच दिवसांनंतरची पहिली. दहा मिनिटांत डोकं स्वच्छ झालं, कुणीतरी आतली काच पुसल्यासारखं. आणि स्वच्छ झाल्याबरोबर सगळं नीट दिसायला लागलं. अडीच वाजता मी दिवाणावर बसले ते, साडेचारला उठले ते, मधले दोन तास. त्यातले किती तास त्या जमिनीवर होत्या? मी वर वॉर्डात गेले आणि त्यांच्या पलंगाशी उभी राहिले. त्यानंतर तीन दिवस मी सारखी कॉफी प्यायले. मला झोपायचं नव्हतं. चौथ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर छाती अशी धडधडायला लागली की हातातला कप खाली ठेवता येईना. एका सिस्टरनं तो काढून घेतला, मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं.

"पेशंट कोण आहे इथे?" ती म्हणाली. "त्या का तुम्ही?"

तो शेवटचा कप.

ऑपरेशन नीट झालं होतं. सहाव्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ एकटीच होते. नवरा औषधं आणायला गेला होता. मी चमच्यानं त्यांना पाणी पाजत होते. त्यांनी तोंड बाजूला केलं, म्हणजे त्यांना बोलायचं होतं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"मी हाक मारली नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, पडल्यावरचं सांगताहेत. मी म्हटलं, "मारली असेल, आई. मलाच ऐकू आली नसेल."

त्यांनी मान हलवली. कंपवातानं मान तशीही हलायची, पण हे वेगळं होतं. एकेक शब्द जुळवत त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांना बाथरूमला जायचं होतं. दारातून मी दिवाणावर झोपलेली त्यांना दिसत होते. तोंड उघडं, एक पाय खाली. त्यांनी मला असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. उठवावंसं वाटलं नाही. चार पावलं तर होती, वॉकर होता.

"आणि पडल्यावर?" मी विचारलं.

"तेव्हा पण," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुढे म्हणाल्या, "आधी वाटलं, उठता येईल. मग वाटलं, उठेलच ती आता."

मी चमचा वाटीत ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मी ते सहन केलं असतं. पंचवीस वर्षांत त्या माझ्यावर पुष्कळदा रागावल्या होत्या. या गोष्टीचं काय करायचं ते मला कळेना. मी नवऱ्याला सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. त्यांनी माझी झोप जपली म्हणून त्या पडल्या, हे सांगितलं तर मी स्वतःची बाजू मांडते आहे असं वाटलं असतं, किंवा त्यांच्यावर ढकलते आहे असं.

दहाव्या दिवशी त्यांना घरी आणलं. आता दिवसरात्रीच्या दोन मावशी ठेवल्या. ही व्यवस्था आधी का केली नाही, असं सगळ्यांच्या मनात आलं असणार. माझ्या तर रोजच यायचं. पण आधी मला ती लागतच नव्हती ना. मी सगळं करत होते.

डॉक्टर घरी तपासायला यायचे. एकदा जाताना दारात थांबून म्हणाले, "तुमची झोप कशी आहे?"

"येते. सारखी येते."

"येऊ द्या. ती आत्ताची नाही, जुनी आहे. कॉफी थकवा घालवत नाही, नुसती झाकते. झाकण निघालं की असं होतं."

"तुम्ही हळूहळू सोडा म्हणाला होतात."

त्यांनी चप्पल घालता घालता माझ्याकडे पाहिलं. त्यांचा नेहमीचा तिरका शेरा येईल असं मला वाटलं. "हो," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्याच दिवसांत रमजान आला. भाभी एकदा दुपारी झाकलेली वाटी घेऊन वर आल्या. वाटीत काळसर पूड होती. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी खजूर खाल्ला जायचा, त्याच्या बिया त्यांनी धुऊन, वाळवून, लोखंडी तव्यावर तासभर भाजल्या होत्या आणि मिक्सरला दोनदा फिरवल्या होत्या. त्यांची आई करायची, म्हणाल्या.

"याला कॉफी नाही म्हणायचं, वहिनी. कॉफी म्हटलं की तोंड वाकडं होतं. नुसतं गरम काहीतरी, असं म्हणून प्या."

त्यांचा रोजा होता, तरी ती कशी करायची ते दाखवायला त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. चमचाभर पूड पाण्यात बराच वेळ उकळायची, वेलदोडा टाकायचा, गाळून घ्यायची. मी प्यायले. कडू होती, पण कडवटपणाच्या मागे जरा गोडसर. कॉफीसारखी अजिबात नव्हती. ते एक बरं होतं. मी एक कप प्यायले, भाभी माझ्याकडे बघत होत्या आणि एकाएकी मला रडू आलं. त्यांनी कप घेऊन विसळला, पालथा घातला आणि म्हणाल्या, "आजीजवळ मी बसते थोडा वेळ. तुम्ही पडा."

"नको," मी म्हणाले.

"बरं, नका पडू. इथेच बसा मग."

पुढच्या आठवड्यांत आई खचत गेल्या. पाठीला जखम झाली, ती भरून आली, दुसरी झाली. गिळणं अवघड झालं. मग छातीत कफ साठला. ऑपरेशननंतर अडीच महिन्यांनी एका सकाळी, मावशी त्यांचे केस विंचरत असताना, त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात होते. जागी होते, एवढंच सांगता येईल.

पुण्यानुमोदनाला घर भरलं. त्यांचे जुने विद्यार्थी येरवड्याहून आले, टक्कल पडलेली, नातवंडं असलेली माणसं. भन्तेंनी वंदना म्हटली, सगळ्यांनी मागून म्हटली. एक गृहस्थ उठून म्हणाले, बाईंनी आम्हाला छडीनं नाही, लाल शाईनं मारलं. लोक हसले. ताई माझ्या शेजारी पांढऱ्या साडीत बसली होती. तिनं डोळे पुसले आणि माझ्या हातात आपला रुमाल दिला. तो मी धुऊन परत केला. त्यापलीकडे आमच्यात काही बदललं असं नाही.

नवऱ्याची पुण्याला बदली झाली ती त्यानंतर सात महिन्यांनी. तीन वर्षं अर्ज करत होता, आईचं आजारपण हेच कारण लिहून. ऑर्डर हातात घेऊन तो बराच वेळ खुर्चीवर बसून होता. "आता कशाला," एवढंच म्हणाला.

आम्ही दोघंच घरात राहू लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो माझ्याशी फार जपून बोलतो. मी दुपारी आडवी झाले की दार ओढून घेतो, टीव्हीचा आवाज कमी करतो. हा चांगुलपणा होता की दुसरं काही, ते कळेना. एका रविवारी सकाळी तो पेपर वाचत होता आणि मी समोर मटार सोलत होते. मी त्याला सांगितलं. वॉर्डात आई जे म्हणाल्या ते, शब्दाला शब्द, मध्ये न थांबता.

त्यानं पेपर मिटला. "हे मला आत्ता का सांगतेस?"

"माहीत असावं म्हणून. तुमची आई होती."

मिटलेल्या पेपरची त्यानं घडी घातली. मग म्हणाला, "मला वाटत होतं, तिनं हाका मारल्या असणार. मारून मारून दमली असणार, आणि मग उठली असणार. मी तेच धरून चाललो होतो."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार? झोपलेल्या माणसाला काय बोलणार?" त्यानं पेपरची घडी आणखी बारीक केली. "झोप असं मीच सांगितलं होतं तुला. फोनवर."

ते त्याच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इतके दिवस तो दार ओढून घेत होता, आवाज कमी करत होता, ते कशासाठी हे तेव्हा कळलं, निदान थोडं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही."

"तुझंही," तो म्हणाला. दोघांनाही ते पटलेलं नव्हतं, पण म्हणून झालं.

त्या रविवारच्या बोलण्याला आता दीड वर्ष होत आलं. ठोके नियमित आहेत. खजुराच्या बियांची पूड मीच करते, थोडी भाभींना देते, थोडी ठेवते. गव्हाची, चिकोरीची, आणखी कसली कसली पाकिटं लोक आणून देतात. प्यायला काहीच वाईट नाही. सकाळी मी सावकाश उठते आणि सावकाशच सगळं करते. पूर्वी दिवसाला चाळीस पानं तपासायचे, आता वीस होतात. छापखान्याच्या मालकांनी एकदा फोनवर विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे, मूळचा वेग एवढाच आहे.

दुपारी मी आडवी होते. तासाभरानं उठते, आणि उठून बसल्यावर काही वेळ काहीच करत नाही.